मधलं नाव

प्रिय जानूमाय,

गेल्या सोमवारी हुकूम आला. बोईसरच्या शाळेत मी कायम झालो! पोस्टमननं पाकीट हातात दिलं, मी ते दारातच फाडलं, दोनदा वाचलं आणि चपला पायात घालायला लागलो. बायकोनं विचारलं, कुठे निघालात? म्हटलं, दांडीला, जानूमायला सांगून येतो. मग मीच चपला काढल्या.

तू जाऊन अडीच महिने झाले, हे काय मला ठाऊक नाही? तुझ्या मरणाची वर्दी कचेरीला मीच लिहून कळवली. पण काही घडलं की आधी तुला सांगायचं, ही खोड इतक्यात कशी जाणार? तोंडी सांगायची सोय तू ठेवली नाहीस, म्हणून हे पत्र. तुझं तुला वाचता येतं, तेव्हा कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही.

आणि काय ग, अडीच महिने थांबायला तुला काय झालं होतं? माझी परीक्षा झाली होती, निकाल लागला होता, नुसता हा कागद यायचा राहिला होता. सरकारी कागद कसे येतात हे तुला माझ्याइतकंच माहीत होतं!

मी मास्तर होईन असं माझ्या बापालाही वाटलं नसतं. पालघरात गवताच्या वखारीत मी गठ्ठ्यांवर देखरेख केली, भाताच्या गिरणीत कारकुनी केली, एक उन्हाळा मिठागरावर काढला. सगळीकडून माझ्या जिभेनं मला बाहेर काढलं. शेवटी कचेरीसमोरच्या एका म्हाताऱ्या अर्जनविसानं मला हाताखाली घेतलं. पेन्शनचे सगळे नियम त्याला पाठ होते. तो गेला आणि त्याची बैठक मला मिळाली. मी लगेच पाटी रंगवून घेतली: ‘पेन्शनसंबंधी सल्ला मिळेल’. सल्ला! त्या शब्दाचा मला काय तोरा होता! रेल्वेतले म्हातारे, पलटणीतून आलेले, नवऱ्यांमागे राहिलेल्या बायका, सगळ्यांचे अर्ज मी लिहायचो आणि माझा एकही अर्ज कधी परत आला नव्हता.

तू पहिल्यांदा आलीस तेव्हा डोक्यावरची मासळीची रिकामी पाटी उतरवून माझ्या पाटीकडे बोट दाखवलंस. काय लिहिलंय ते मी ऐटीत वाचून दाखवलं. सल्ला नको, काम होईल का ते सांग, असं तू मला ऐकवलंस. तेव्हाच मला तू आवडलीस.

तुझं काम तसं सोपं होतं. तुझा माणूस लढाईच्या काळात बोटीवर खलाशी होता, बोट बुडाली, आणि तेव्हापासून तुला पेन्शन होती. वर्षातून एकदा मी तुझ्या वतीनं लिहून द्यायचो की मी हयात आहे आणि मी पुन्हा लग्न केलेलं नाही. दुसरं वाक्य वाचून दाखवलं की तुला हसू यायचं. खाली तू अंगठा द्यायचीस. साहेबांनी काही विचारलं तर उत्तर मी द्यायचो. तू माझ्यामागे पदर तोंडावर घेऊन उभी. मला वाटायचं, केवढा मी तुझ्या उपयोगी पडतो!

मग ते नवे साहेब आले. कुठल्याशा गावी मेलेल्या बाईची पेन्शन कुणीतरी दुसरंच घेत होतं म्हणे, त्यामुळे त्यांनी नियम केला की जिची पेन्शन तिनंच बोलायचं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. तुला त्यांनी विचारलं, नाव काय? तू सांगितलंस. गाव? सांगितलंस. नवऱ्याचं नाव?

तू खाली बघत राहिलीस. साहेबांनी तीनदा विचारलं. मी तोंड उघडलं तर त्यांनी मला दाराबाहेर काढलं. शेवटी ते म्हणाले, पुढच्या महिन्यात ये, तेव्हाही नाव सांगितलं नाहीस तर पेन्शन बंद करायला वर लिहीन.

आणि मी काय केलं? व्हरांड्यात, दहा माणसांच्या देखत, तुझ्यावर ओरडलो. हे लिहिताना आजही कानशिलं गरम होतात. तू एवढंच म्हणालीस की बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, आमच्याकडे कुणी घेत नाही. मी म्हणालो, कुणाचं आयुष्य? बोट बुडून वीस वर्षं झाली!

तू मान वर केलीस.

“तू पायलास त्याला मेलेला?”

माय, दरवर्षी मी माझ्या सुंदर अक्षरात ‘पती मयत’ असं लिहीत होतो आणि त्याखाली तुझा अंगठा घेत होतो. तुला काय वाटतं हे एकदाही विचारलं नव्हतं.

घरी आलो तरी डोक्यात तेच. तोंडानं घ्यायचं नाही, मला सांगायची बंदी, मग उरलं काय? हात! दुसऱ्या दिवशी शाळेतून पाटी आणि मूठभर पेन्सिली मागून घेतल्या, एसटी पकडली आणि दांडीला उतरलो. तू बोंबील वाळत घालत होतीस. मी म्हटलं, माय, तुला सही शिकवायला आलोय. तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मला ऊन लागलं असावं.

बाजार आटपून तू आलीस की दुपारी बोंबलांच्या रांगांआड आपली शाळा भरायची. पेन्सिल तू कोयत्यासारखी मुठीत धरायचीस. पहिल्या दिवशी चार मोडल्या. ‘ज’ तुला मुळीच ऐकेना. तू त्याला शिव्या दिल्यास, त्या इथे लिहीत नाही, मी आता कायम शिक्षक आहे. बाराव्या दिवशी ‘जानकी’ आलं. त्यानंतर ‘तांडेल’. दोन्ही तू एका ओळीत लिहायचीस आणि मध्ये वीतभर जागा मोकळी सोडायचीस. मी त्या जागेकडे बोट दाखवलं की तू पाटी पुसून उठायचीस.

मग मी लबाडी केली. म्हटलं, सही राहू दे, आपण गावाचं नाव लिहू. दांडी. मग मोरी लिहू, मोरी मासा तुला आवडतो. मग रापण लिहू, तुमचं ते ओढायचं जाळं. तू निमूट सगळं लिहिलंस. मला वाटलं, काय हुशार मी, लागणारी सगळी अक्षरं हिला नकळत शिकवली! आणि जाताना तू म्हणालीस की मास्तर, बोंबील सोडून हेच तीन शब्द का, मला काय समजत नाय? तू मला मास्तर म्हणालीस ती ही पहिली वेळ. सरकारनं म्हणायला पुढे सहा वर्षं घेतली.

पण ते नाव जुळवून तू एकदाही लिहिलं नाहीस. महिना संपला. आपण एसटीनं पालघरला निघालो. तू लिहिणार की नाही हे मला खरंच ठाऊक नव्हतं.

साहेबांनी पुन्हा विचारलं, नवऱ्याचं नाव? तू खुणेनं कागद मागितलास. साहेब फायलीतले अंगठे बघून म्हणाले, ही काय लिहिणार? पण कागद दिला आणि टाक पुढे केला. टाक! मला आठवणच राहिली नव्हती. पाटीवरच्या पेन्सिलीशिवाय तुझ्या हातात काही आलं नव्हतं. पहिल्या रेघेलाच शाईचा डाग पडला. तरी ‘जानकी’ उतरलं. आणि तिथे तुझा हात थांबला.

किती वेळ गेला देव जाणे. व्हरांड्यातली माणसं दाराशी गोळा झाली. टाकाच्या टोकाशी शाईचा थेंब लोंबत होता. मला राहवेना. नियम गेला खड्ड्यात म्हणून मी पुढे झालो आणि तुझा हात धरायला गेलो. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस.

“हात काढ. नवरा माजा हाय, तुजा नाय.”

सगळी कचेरी हसली. साहेबही हसले. आणि त्या हसण्यात तू लिहिलंस. चार अक्षरं, एका दमात, काना मात्रा जिथल्या तिथे! मग ‘तांडेल’. साहेबांनी फाईल उघडून अक्षरन् अक्षर ताडून बघितलं, म्हणाले बरोबर आहे, आणि उठून उभे राहिले. कुणासाठी उभे राहिले ग ते? मामलेदार आले नव्हते. तूच होतीस समोर.

बाहेर आल्यावर मी भीत भीत विचारलं, आता आयुष्याचं काय? तू पदरानं बोटाची शाई पुसलीस.

“तोंडातला वाऱ्यावर जातं. यो कागदावर ऱ्हाला. मग कमी कसा व्हईल?”

पुढचं तुला माहीतच आहे, पण मला पुन्हा सांगू दे, आज माझा दिवस आहे! आठ दिवसांत मुरबे गावच्या दोघी माझ्या बैठकीपाशी आल्या. मी सवयीनं अर्जाचा कागद काढला तर म्हणाल्या, अर्ज नको, जानूला शिकवलं ते आमाला शिकव. वर्षभरात माझ्या बैठकीवर अर्ज कमी आणि पाट्या जास्त. ज्या बायकांसाठी मी बोलायचो त्या स्वतः साहेबांसमोर बोलायला लागल्या, आणि मी माझ्याच हातानं माझा धंदा बुडवला. इतक्या आनंदानं धंदा कुणी बुडवला नसेल! पस्तिशीला आलेला मी मग रीतसर मास्तरकीच्या मागे लागलो. वय गेलं म्हणून एकदा अर्ज परत आला. माझा! पुन्हा लिहिला. ट्रेनिंगला पोरांच्या मध्ये बसलो. बायको म्हणाली, एक पाटी उतरवलीत आणि चाळीस पाट्या गळ्यात घेतल्यात. तिचं चुकत नाही. पण आता तीच शेजारणींना मास्तरीणबाई म्हणायला लावते.

माझ्या वर्गात कोण कोण आहे सांगू? बेटेगावची आहेत, डोंगरातून आलेली आहेत, तारापूरला विजेचं ते मोठं काम चाललंय तिथल्या लोकांची आहेत. कुणी सातारचं, कुणी नागपूरकडचं, दोघं तर भांडताना हिंदीत भांडतात. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नाही, पण फळ्यावरचा ‘ज’ सगळ्यांना सारखाच छळतो. ‘ज’ची पाळी आली की मी त्यांना मनसोक्त वैतागू देतो.

शेवटी काल रविवारी दांडीला जाऊन आलोच. तुझा पुतण्या लक्ष्मण किनाऱ्यावर बायकामाणसांत उभा होता, पाय मुरगळला म्हणून स्वतः समुद्रात गेला नव्हता. मी त्याला हुकूम दाखवला. त्यानं बघितला न बघितला केला आणि म्हणाला, थांब मास्तर, होडी येतेय, काकीनं केलेलं काम बघ. नवी होडी बांधून झाली तेव्हा तू त्याच्याकडून रंगाचा डबा मागून घेतलास आणि पुढच्या टोकाला, नाळेवर, स्वतः नाव लिहिलंस, हे तू मला सांगितलंच नाहीस! एवढं लपवलंस माझ्यापासून? नारळी पुनवेनंतर होडीची ती पहिलीच मोठी खेप होती. दोन दिवस वारा वाईट होता आणि सगळे काळजीत होते.

मग शीड दिसलं. एका पोरीनं आधी ओळखलं. ती ओरडली, तिच्यामागे बायका ओरडल्या, म्हातारे ओरडले, किनारा सगळा एकच ओरडायला लागला. मी ते नाव तुझ्यासमोर कधी घेतलं नव्हतं, या पत्रातही इथवर टाळलं. पण गावानं टाळलं नाही.

“दामोदर आला! दामोदर आला!”

माय, मी पाण्यात गुडघाभर शिरलो, हुकूम खिशात होता तो भिजला. नाळेवर तुझं अक्षर, मोठं, वाकडं, मात्रा आभाळात गेलेली. माणसं धडधाकट उतरली. आणि तुझ्या माणसाचं नाव सगळं गाव घसा फोडून घेत होतं, आणि आयुष्य कुणाचंही कमी होत नव्हतं.

खाऱ्या पाण्यानं तो रंग वर्षभरात जाईल. लक्ष्मण म्हणाला, पुढल्या साली मास्तर तूच लिही, तुजा अक्षर चांगला. मी नाही म्हटलं. त्याची थोरली मुलगी यंदा पहिलीत बसली आहे. माझा शब्द घे: पुढल्या नारळी पुनवेला ते नाव ती लिहील, आणि मी तिचा हात धरणार नाही.

तुझा मास्तर,
वामन