आक्रा विसरायचं नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
काल केतकीचा वाढदिवस होता. आज आठवला. फोनवर म्हणाली, बाबा, आई गेल्यापासून तुम्ही फार विसरता, आता पुण्याला आमच्याकडे या. साफ नकार दिला. बँकेतून रिटायर झालो, डोकं रिटायर झालेलं नाही. कोलकाता सोडणार नाही. कारण विचारलं, ते सांगितलं नाही. कारण काही नाहीच.

संध्याकाळी स्मरणशक्तीसाठी ओमेगा-थ्री, ब्राह्मी आणि गिंकोच्या गोळ्या आणल्या. शिवाय पाठांतर. बालीगंज ते बजबज, लोकलची सगळी स्टेशनं क्रमाने. महिनाअखेर केतकीला घडाघडा म्हणून दाखवायची, की पुण्याचा विषय संपला.

५ नोव्हेंबर
ओमेगा-थ्री माशाच्या तेलाचं निघालं. औषध म्हणून चालतं. डोळे मिटून गिळतो.

समोरच्या फ्लॅटमधल्या लाहिडी बौदींना, म्हणजे आपल्याकडच्या वहिनींना, सांगितलं. त्याही एकट्याच, मुलगा बंगळूरला. म्हणाल्या, कॅप्सूल कसल्या खाता, माशाचं डोकं खा. म्हटलं, आम्ही शाकाहारी. नेमका तेव्हाच माशाचा ढेकर आला. खूप हसल्या. संध्याकाळी डबाभर मुगाची डाळ आणून दिली, बिनमाशाची.

८ नोव्हेंबर, शनिवार
डबा परत केला. रिकामा द्यायचा नाही, ही केतकीच्या आईची शिस्त. घरात दुसरं काही नव्हतं, ब्राह्मीची एक स्ट्रिप घातली. बौदींनी चहाला बसवून घेतलं. दीड तास गेला. पाठांतर बुडालं. इस्त्रीचा शर्ट योगायोगाने घातला होता.

१३ नोव्हेंबर
डॉक्टर अगदीच पोरगेला. बी-ट्वेल्व्ह नॉर्मल. म्हणाला, या गोळ्यांनी स्मरणशक्ती वाढते याला ठोस पुरावा नाही, त्यापेक्षा माणसांत मिसळा, गप्पा मारा. गप्पांना वेळ कुठाय? इकडे पाठांतरात आक्रा स्टेशन राहून जातंय. रोज संतोषपूरवरून थेट नुंगी.

गोळ्या चालू. गिंको डबल करणार होतो. पोट म्हणालं नको.

१९ नोव्हेंबर, बुधवार
जिन्यात बौदी. पाठांतरात मी माझेरहाटला होतो. बोललो असतो तर परत बालीगंजपासून सुरुवात. नुसती मान डोलावली. बराच वेळ बोलत होत्या. मनात ब्रेसब्रिज, संतोषपूर, आक्रा! पहिल्यांदाच आलं! मला त्यांच्या तोंडावरच हसू फुटलं. त्या हसल्या नाहीत.

२० नोव्हेंबर
दोनदा बेल वाजली. उठलो नाही. टॉलीगंजला होतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी ७
सगळी स्टेशनं, आठ सेकंदांत, एकही चूक नाही. केतकीच्या आधी बौदींना ऐकवावं म्हणतो. शर्ट इस्त्रीचा.

सकाळी ९
समोर कुलूप. दरवान म्हणाला, बौदी काल मुलाकडे गेल्या, कायमच्या. तुम्हाला जिन्यात सांगत होत्या की, तुम्ही हसत होतात. परवा दोनदा बेलही वाजवली म्हणे. माझ्यासाठी डबा ठेवलाय त्याच्याकडे. आत नारळाचे लाडू, त्या नाडू म्हणतात ते. खाली ब्राह्मीची स्ट्रिप, एकही कॅप्सूल न काढलेली.

संध्याकाळी
केतकीचा फोन. स्टेशनं म्हणून दाखवली नाहीत. पुण्याचं तिने परत विचारलं. बघू म्हटलं.

संतोषपूर, आक्रा, नुंगी, बजबज. सगळं आठवतंय. बौदी जिन्यात एवढ्या बोलल्या, त्यातला एक शब्द आठवत नाही. फार एकटं वाटतंय.

नाडू संपले. डबा घासून पुसून ठेवलाय. आत काय घालून द्यावं, सुचत नाही.