लॉरीवरचं नाव

२८ जून २०१२, गुरुवार
आठवीला अपूर्णांक. मधल्या सुट्टीत पोस्टमन आला. इन्कम टॅक्सची नोटीस, माझ्या नावाची. लॉरीच्या भाड्याचं उत्पन्न दाखवलं न्हाई म्हणे. माझं! मला साधी सायकल येत न्हाई. हे म्हणाले, "चुकून आली असंल, टाक बाजूला." टाकली. भात करपला.

३ जुलै, मंगळवार
रजा टाकून बिदरला. टॅक्सचे वकील कुलकर्णी. माझ्या पॅनचं खातं कॉम्प्युटरवर उघडून दाखवलं. वर शाळेचा पगार, खाली हुमनाबादचा कुठला कारखाना. दर महिन्याला लॉरीभाडं, माझ्या पॅनवर.
"बाई, तुमच्या नावावर दुसरंच कुणीतरी धंदा करायलंय. झेरॉक्स कुणाकुणाला दिलीत?"
सिमकार्डाला. गॅसला. आणखी आठवंना.
"गप बसू नका. सरकारी नोकरीत धंदा चालत न्हाई. उत्तर न्हाई दिलं तर हे तुमचंच धरतील. मग खात्याची चौकशी. नोकरीवर यील."
बसमध्ये खिडकी मिळाली. आमचं गाव राजेश्वर येईपर्यंत बाहेर बघत बसले. घाबरायला पाहिजे होतं.

११ जुलै, बुधवार
कु. वकिलांनी कारखान्याकडून कागद मागवले होते. आज दाखवले. पॅनची झेरॉक्स, त्यावर सही. सही खोटी न्हाई, माझीच. बँकेतलं खातं बी त्याच झेरॉक्सवर. खाली मोबाईल नंबर. पुरता वाचावा बी लागला न्हाई, दर रविवारी लावते तो. अण्णाचा. माझ्या थोरल्या भावाचा.
"ओळखीचा हाय का?"
"बघते," म्हणलं.

१२ जुलै
हक्कसोडीची झेरॉक्स ती. आमचे वडील, अप्पा गेले, त्या वर्षाची. बहिणीनं शेतातला हिस्सा सोडून द्यायचा, भावानं साडीचोळी करायची, आमच्यात असंच चालतं. रजिस्ट्रारच्या हापिसात अण्णानं गठ्ठा पुढं केला. "सुलू, समद्यावर सही कर, लागत्यात." केली. भावाला कशाला म्हणून विचारायचं? विचारलं असतं तर चार माणसात शोभा.
कु. म्हणतात, झेरॉक्सवर आडवं लिहायचं: कशासाठी, कुणाला, तारीख. मग ती दुसऱ्या कामाला लावता येत न्हाई. शाळेतल्या बायकांना सांगितलं तर हसायला लागल्या. "अगं बाई, घरच्यांना बी?"
व्हय, घरच्यांना बी.

१५ जुलै, रविवार
फोन लावला न्हाई. त्याचा बी आला न्हाई.
अण्णानं मेंढरं राखली म्हणून मी शिकले. धनगराच्या पोरीला मास्तरीण केलं त्यानं. पुढं मेंढरं विकून लॉरी घेतली, तवा काचेच्या वर माझं नाव रंगवून घेतलं. सुलोचना. सगळा गाव म्हणायचा, भाऊ असावा तर असा. मी बी तेच म्हणायचे.
राग यायला पाहिजे. येईना. दाताच्या डॉक्टरनं सुई मारल्यावर गाल असतो तसं झालंय सगळं.

१९ जुलै
कु.नी दोन अर्ज तयार करून दिले. एक इन्कम टॅक्सला: हे उत्पन्न माझं न्हाई. एक हुमनाबादच्या पोलिसांना. त्यात 'संशयित' लिहिलंय, पुढं जागा कोरी.
"नाव तुम्ही घाला. नंबर त्यांना सापडणारच हाय. मग तुम्ही लपवलं म्हणतील."
पोलिसांचा शिक्का घेऊन दोन्ही कागद नागपंचमी झाली की लगेच टॅक्सच्या हापिसात द्यायचे. ह्यांना सांगितलं. म्हणाले, "घाल की नाव! नोकरी गेल्यावर अण्णा पोसणार हाय का तुला?"
पोसेल. तेच तर.

२२ जुलै, रविवार
उद्या पंचमी. अण्णा माहेराला न्यायला आला, लॉरीच घेऊन. चहा देता देता पॅनचं विचारलं. लाजला न्हाई, बिचकला न्हाई.
"व्हय, तुजाच लावलाय. माज्यासारख्या अडाण्याला कोण पॅन काढून देतंय? तुजं नाव लागलं अन् धंदा लागला बघ. गाडीवर बी तुजंच नाव हाय की. तवा तर पेढे वाटलीस."
"अण्णा, माझी नोकरी जाईल."
बशीतला चहा बशीतच राहिला. म्हणाला, "जाऊ दे की. म्या हाय न्हवं."
मला रडू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. कशाचं ते कळंना.

पिशवी त्यानंच उचलून गाडीत ठेवली. हॉर्न वाजवायलाय. अर्ज पर्समध्ये हायत, पेन बी. हुमनाबादला डिझेल भरायला थांबायचंय म्हणतो. पोलीस ठाणं पंपासमोरच हाय.
इथून खिडकीतून गाडीवरचं नाव दिसतंय. पंचमीला म्हणून नवा रंग दिलाय.