हाताची गादी

आई, तू जाऊन नऊ वर्षं झाली आणि आज सकाळपासून मला तुझ्याशीच बोलायचंय. सासू-सासऱ्यांना आत्ताच खर्ड्याच्या एसटीत बसवून आले. बसवलं कसलं! सासूबाई आपल्या आपण चढल्या. दांडा धरला, एक पाय वर, मग दुसरा. मी मागे पिशवी धरून उभी आणि जीव माझाच वर-खाली होत होता. याचं श्रेय तुझं आहे, म्हणून लिहितेय.

मी दहावीत असेन. पारनेरच्या बाजारात तू गोणपाटावर बांगड्या मांडून बसली आहेस आणि मी शेजारी. एक म्हातारी येते. भांडी घासताना बांगड्या गळून पडतात, लहान मापाच्या दे म्हणते. तू सवयीने तिचा हात हातात घेतेस, अंगठ्याखाली दाबतेस आणि थांबतेस. "आजे, गादी बसली की हाताची. हात न टेकता उठून दाव बरं." तिला उठवत नाही. "काय खातीस?" "च्या न् भाकरी. दात कुठं हायत?" "मंग डाळ घोटून खा, अंडं खा. आन् सुनंला म्हनावं, मला बसवून ठिवू नगं. लहान बांगडी मी देनार न्हाई." म्हातारी फणफणत गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तू काय डॉक्टर आहेस का?" मी म्हटलं. तू माझ्यावरच उखडलीस, "बांगडी लहान केली का हात वाळल्याला दिसत न्हाई, येवढंबी कळंना व्हय तुला?"

नाहीच कळलं. गेल्या वर्षी सासूबाईंच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तेव्हा तुझ्या या लेकीने काय केलं असेल? सावेडीतल्या दुकानातून सव्वादोनच्या लहान मापाच्या आणल्या, स्वतःच्या हाताने भरल्या आणि वर "नाजूक झालात हं" अशी थट्टाही केली. त्यांना जागेवर ताट, जागेवर पाणी. "आता तुम्ही बसून खा," हे मी मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना सांगायचे. मग एका दुपारी त्या न्हाणीघरातल्या स्टुलावर बसल्या त्या उठेचनात. मी धरून बाहेर आणलं तेव्हा रडल्या. पडल्या नव्हत्या, लागलं नव्हतं. "खर्ड्याला बहिनीकडं जायचं ऱ्हाऊनच गेलं गं आता," म्हणाल्या.

डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी स्वतःची बोटं पुढे केली आणि सासूबाईंना ती जोरात दाबायला सांगितली. मग हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठा, थोडं चालून दाखवा. मी बघतच राहिले, मला तर तुझा बाजारच दिसत होता. स्नायू झडलेत, ते म्हणाले, पण वय झालं म्हणून सोडून देऊ नका. रक्त तपासलं, चालू गोळ्या पाहिल्या, प्रत्येक जेवणात डाळ, दही, अंडं असं काहीतरी हवंच म्हणाले आणि व्यायाम शिकायला पाठवलं. तेव्हापासून रोज सकाळी खुर्चीवरून ऊठ-बस, दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या. "म्हातारपनी शाळंत घातलं मला," अशी कुरकुर रोजची. कणीकही आता त्याच मळतात. मला फार अवघड गेलं ते त्यांच्या हातात परात देणं. शेजारणी काय म्हणतील वाटायचं. तुझं बोलणं आठवायचे आणि परात पुढे करायचे. आठ महिने लागले त्या एसटीच्या पायऱ्यांना.

हा कागद तुझ्या बांगड्यांच्या पेटीत ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार? पण एक सांगायचं राहिलं. तुझ्या शेवटच्या वर्षी मी पारनेरला यायचे, तुझ्या हातातलं काम काढून घ्यायचे. तू म्हणायचीस, "माजी मला उठू दे." मी म्हणायचे, "हट्ट करू नकोस," आणि हात धरून उठवायचे. इतक्या वेळा तुझा हात धरला आई, पण अंगठ्याखाली एकदाही दाबून पाहिलं नाही.