चाल जुळत नाय

साजगाव, वैशाख, १९७८

ती. आबाजीमामांस, तुमच्या भटक्या भाच्याचा, चांगोचा, आज चक्क एका जागी बसून साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? मामीची म्हैस व्याली का? इकडे सगळे खुशाल, एक आवाज सोडून.

तो आवाज धोंडूबाई धवलारणीचा. आपल्या विमलची हळद आठवड्यावर आली नि तिचा घसा पार बसला, शब्दही विसरते. धवल्यांच्या गाण्यांतून देवांना आवतण गेल्याशिवाय आपल्यात हळद लागत नाही. (दुसरी धवलारीण बघायला मी ठाकुरवाडीकडे निघालो होतो, पण वाटेत करवंदं लागली. ते असो.) मग आईला आक्काच्या लग्नातली टेप आठवली. तुमचं ते ट्रंकेएवढं मशीन मांडवात ठेवून तुम्ही धोंडूबाईचे धवले भरून घेतलेत, आणि आईने कौतुकाने मशीनलाही हळदीचं बोट लावलं! काय दिवस होते. तर टेप आमच्याकडे, मशीन तुमच्याकडे. कुंभिवलीच्या गजा लाउडस्पीकरवाल्याने नवं मशीन घेतलंय, ते आणवलं. ओट्यावर बायका जमल्या, गजाने बटण दाबलं, आणि आतून धोंडूबाई उंदरासारखी चिरकली. सगळ्या देवांना एका दमात आवतण. गजा म्हणाला, "टेप सावकाश भरलीय, नवं मशीन जोरात पळतं. चाल जुळत नाय."

झालं. मोतीकाकूला वाटलं, हा गाण्याच्या चालीला नावं ठेवतोय. आमच्या चालीत काय खोट म्हणून तिने एक ओळ म्हणून दाखवली. गौराबाईने ती चुकीची ठरवून दुसरी म्हटली. मग धोंडूबाई बसल्या घशाने दोघींवर उखडली, "गप गं, आदी गावदेवीला बलवायची, मंग मारुतीला." भांडता भांडता अख्खे धवले जुळून आले. गजा मशीन बंद करून चहा पीत बसला.

तेव्हा काळजी नसावी. हळदीला हात हलवत आलात तरी चालेल.

आपला,
चांगो

ता. क. हात हलवत येऊ नका. मशीन आणा.

ता. क. दुसरा. टेपेत दोन गाण्यांच्या मधे एक माणूस बोलतो. तोही चिरकतच, म्हणून सगळे हसले. धोंडूबाई हसली नाही. म्हणाली, "आमचं मानूस हाय ते. घसा सुकला आसंल, पानी पी, म्हनतंय." (ती नाव घेत नाही. विठूबाबा. आक्काच्या लग्नानंतरच्या पावसाळ्यातच गेले.) तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं. मी रीळ बोटाने दाबून धरलं, तर विठूबाबा घटकेत रेडा, घटकेत चिमणी. "ऱ्हाऊ दे रं," ती म्हणाली, "आबाजीचं मशीन येऊ दे. धवलं काय, मोती बी गाईल."