अकरा वाजताचा फोन

नेर, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय जुबैदा,

सलाम. इकडे सगळं ठीक. पांढरकवड्यात तू, आपली लेक नुजहत आणि छोटी कशफ मजेत असाल. फोन तू उचलत नाहीस, पत्र तरी फोडशील.

कापसाचा हंगाम, गॅरेजात उसंत नाही. काल एकाचा ट्रॅक्टर आला, मालक म्हणे इंजिन गेलं. मी दुरून ऐकूनच सांगितलं, फॅनबेल्ट आहे. इंजिन उघडण्याआधी दहा मिनिटं नुसतं ऐकायचं, हे गॅरेज टाकलं तेव्हापासून पाळतो. घरी पाळलं नाही.

गॅरेजातला मुजफ्फर वेल्डर त्या दिवशी आपल्याकडे चहा पिताना बोलला ते खरं आहे. "भाभी, तुमच्या मेथीच्या भाजीनं माझं सहा किलो वजन वाढलं नं." तुझ्या हातातला कप तसाच राहिला. पाच आठवडे तुझा डबा तोच खात होता. डबा चाटूनपुसून येतो म्हणून तू पोळ्या वाढवत गेलीस, आणि तो बिचारा खात गेला.

पांढरकवड्याला जाताना तू विचारलंस, "दुसरीकडं कुठं जेवून राह्यले का?" मी हसण्यावारी नेलं. कुठंच जेवत नव्हतो, जुबैदा. यवतमाळच्या डॉक्टरनं शुगरसाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन दिलं आहे, त्यानं भूकच लागत नाही. शेजारच्या कोल्ड्रिंकवाल्याच्या फ्रिजमध्ये ठेवायचो, तुला दिसू नये म्हणून.

लाज वाटायची. नाश्ता करताना डोक्यात दुपारचं जेवण असायचं, जेवताना रात्रीचं. नट कसताना समोसा, नमाजला उभं राहिलो तरी सालन. लोक म्हणत, जब्बारभाई खाण्याचे शौकीन. शौक कसला, डोक्यात एक मशीन होती आणि तिचं बटण मला सापडत नव्हतं. तिसऱ्या इंजेक्शननंतर एका सकाळी ती थांबली. इतकं शांत वाटलं की कानात पाणी गेलं समजून मी डोकं झटकलं.

तिच्यासोबत आपला अकराचा फोनही थांबला, हे मात्र माझ्या ध्यानातच आलं नाही. रोज विचारायचो, "आज काय शिजून राह्यलं?" तू न बोलता फोन कढईजवळ धरायचीस आणि मी आवाजावरून भाजी ओळखायचो. अंबाडी पडली की कढई एकदम गप्प होते, वांगं बराच वेळ कुरकुरतं. चुकलो की तू हसायचीस. दिवसभरात तेवढंच आपलं बोलणं होतं, बाकी नुसते निरोप.

डॉक्टरनंच उज्ज्वला मॅडमकडे पाठवलं. तिथं औषध नाही, नुसतं बोलायचं. मी म्हटलं, "मॅडम, मशीन बंद झाली. आता बोलायचं कायले?" त्या म्हणाल्या, "चालू होती तेव्हा काय ऐकू यायचं, ते सांगा." तीन वेळा मी त्यांना इंजिनांचेच किस्से ऐकवले. चौथ्या वेळी तुझ्या कढईवर आलो, तेव्हा मॅडमनी पाण्याचा ग्लास सरकवला.

म्हटलं, इंजेक्शन सोडतो. मॅडम म्हणाल्या, "डॉक्टरांना विचारलं? बायकोला?" डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, शुगर कित्येक वर्षांनी ताब्यात आली आहे, मनानं बंद करू नका. आता तुला विचारतो आहे. माझ्या मते इंजेक्शनही घ्यावं आणि मॅडमकडेही जावं. मग पोळी एकच खाईन, भाजी चार घास. पण ते चार घास मीच खाईन. मुजफ्फरला तसं सांगितलं, दोन दिवस तोंड पाडून बसला आहे.

इंजेक्शन आता आपल्या फ्रिजमध्ये आहे, अंड्यांच्या शेजारी.

रविवारी अकराला फोन करीन. भूक लागलेली नसेल, तरी विचारीन. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस. फोन फक्त नुजहतच्या कढईजवळ धर.

कान देऊन बसलेला,
जब्बार