संगणकातले साहेब

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (काल दिवसभर संगणकापुढे वाकून पाठ धरली आहे, त्यामुळे सध्या उभ्यानेच घातला आहे.) वहिनींचा गुडघा बरा असेल. तुझा रक्तदाब काबूत असेल तरच पुढचं वाच, कारण सगळ्याचं मूळ तू आहेस.

तू मोठ्या मनाने (आणि नवा घेतल्यामुळे) जुना संगणक मला दिलास, पण त्यातल्या खात्याचं नाव 'साहेब' तसंच ठेवलंस. ऑफिसात कोणी साहेब म्हणत नव्हतं म्हणून तू यंत्राकडून म्हणवून घेत होतास, याबद्दल माझी तक्रार नाही. पण शिवणकाम माझं, गिऱ्हाइकांची मापं मी भरायची, आणि यंत्र रोज सकाळी स्वागत करणार साहेबांचं! आमचे हे गोदामाचे व्यवस्थापक म्हणून निवृत्त झाले त्याला सात महिने झाले. ते चहाचा कप घेऊन मागे उभे राहतात आणि ते स्वागत आपलंच आहे अशा थाटात मान डोलावतात. (मग माझ्याच खुर्चीत बसून पत्त्यांचा डाव लावतात. मी तोवर इस्त्री करते.) शेवटी मी जाहीर केलं की नाव 'बाईसाहेब' करायचं. पुढे दोन अक्षरं तर जोडायची!

ह्यांनी काम अंगावर घेतलं. सेटिंगमध्ये जाऊन नाव बदलणं म्हणजे नुसती दारावरची पाटी बदलणं, काम मुळापासून व्हायला हवं, असं त्यांचं मत पडलं. आधी मापांची प्रत काढून ठेवूया का, असं मी भीतभीत विचारलं. पंचवीस वर्षं गोदाम सांभाळलेल्या माणसाला असलं विचारायचं नसतं, असं मला कळलं. मग त्यांनी 'चाचणी' नावाचं दुसरं खातं उघडलं (दिवसभरात झालेलं एवढंच शहाणपणाचं काम), त्यातून आत शिरून 'साहेब' नावाचं फोल्डर शोधलं आणि त्याचंच नाव 'बाईसाहेब' करून टाकलं.

त्यानंतर यंत्राने मला ओळखच दाखवली नाही. कोरा निळा पडदा, आणि एकही माप नाही. नर्सिंगच्या मुलींचे बेचाळीस गणवेश आजपासून कापायचे होते, आणि मापांची वही 'आता कशाला' म्हणून ह्यांनीच रद्दीत दिलेली. खोटं कशाला सांगू, मी रडले. बेचाळीस मुलींना पुन्हा बोलवायचं म्हणजे ते काम माझ्या हातून गेलंच असतं. ह्यांचं निदान असं की यंत्रच जुनं, तुझ्या भावाने दिलेलं.

डोळे पुसून मी त्यांना एवढंच विचारलं, "गोदामात कप्प्याचं नाव बदललं आणि नोंदवहीत जुनंच राहिलं, तर माल आणायला गेलेला माणूस कुठे जाईल?" त्यांनी खुर्ची सोडली. मग मीच 'चाचणी' खात्यात शिरले, फोल्डरचं नाव पूर्ववत केलं, संगणक बंद करून चालू केला, आणि मापं जिथल्या तिथे! आधी सगळ्यांची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली, मग सेटिंगमधून फक्त पाटी बदलली. आता यंत्र मला बाईसाहेब म्हणतं आणि आजपासून कापाकापी सुरू आहे. तुझी मदत लागली नाही हे कळवण्यासाठीच हे पत्र.

वहिनींना नमस्कार.

तुझी धाकटी

ता. क. हे आज सकाळी चहा स्वयंपाकघरातच प्यायले. खुर्ची रिकामी मिळाली म्हणून मी खूश व्हायला हवं होतं. इकडे का येत नाही विचारलं, तर म्हणाले, "तिथे आता माझं काय काम?" दादा, मला ते ऐकवलं नाही रे.

ता. क. २. 'चाचणी' खातं रिकामंच पडलं आहे. त्याची पाटी बदलून 'साहेब' करायची आहे. मला दोन मिनिटांचं काम आहे, पण ते मी करून उपयोग नाही. तू ह्यांना फोन कर आणि सांग की एवढी मापं असलेल्या संगणकावर देखरेखीला एक जबाबदार माणूस लागतो, त्याचं वेगळं खातं लागतं. मी सुचवलं हे कळू देऊ नकोस. फोल्डरला हात लावू नका, हे मात्र दोनदा बजाव.

ता. क. ३. फोनवर त्यांना एकदा तरी साहेब म्हण. तुला जड जाईल, पण म्हण.