सतरा तासांचा केर

तीर्थहळ्ळी,
ता. ३ नोव्हेंबर २०२४

चि. कावेरी हिस अज्जीचे भरभरून आशीर्वाद.

वि. वि. गुडघा सोडला तर मी बरी आहे. फोनवर मला काही ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. काळी गाय आटली. सुपारी सोलायला माणसं मिळत नाहीत, नंजम्मा शेजारून येऊन सोलते त्याहून बोलते जास्त.

एक चूक सांगायची आहे, रागावू नकोस. माणूस मुक्कामी पोचेपर्यंत घरात केर काढत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. तू गेलीस त्या सोमवारी कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतंस, विमान दोनला निघणार, साडेपाचला पोचणार. मी म्हटलं, साडेतीन तासांत अमेरिका, शिमोग्याची बस बिघडली तर याहून जास्त वेळ लागतो. साडेपाच वाजले तशी झाडून घेतलं, दिवेलागणीच्या आत. वर तुझा निरोप दुसऱ्या दिवशी सकाळी आठला नंजम्माकडे आला, तर तुलाच आळशी म्हटलं.

परवा शाळेतले मास्तर सांगत होते की ते साडेपाच तिकडच्या घड्याळातले. म्हणजे मी केर काढला तेव्हा तू समुद्रावर होतीस. तीन वर्षं होत आली, तू आली नाहीस. मीच तुझी परतीची वाट झाडून टाकली का गं?

तुझीच,
अज्जी

सॅन फ्रान्सिस्को,
ता. २० नोव्हेंबर २०२४

ती. अज्जीस कावेरीचा शि. सा. न.

केरसुणीचा काही दोष नाही. कागदपत्रं अडली होती, ती आता सुटली. जानेवारीत पंधरा दिवस येते. अंतर चौदा हजार किलोमीटर, विमानात सतरा तास. घड्याळं साडेतेरा तासांनी वेगळी, म्हणून जाताना सोमवारी निघून सोमवारीच पोचते. येताना शुक्रवारी रात्री निघाले की बेंगळुरूला रविवारची पहाट. शनिवार आकाशातच संपतो.

इथे उतरले तेव्हा न्यायला कोणी नव्हतं. तेव्हा तू माझ्यासाठी घर न झाडता थांबली आहेस, एवढंच मनात धरून होते. आताही तसंच धरते.

लोभ कमी करू नकोस.
तुझी कावेरी

तीर्थहळ्ळी,
ता. २ फेब्रुवारी २०२५

चि. कावेरीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. पंधरा दिवस घर कसं भरलं होतं. मी गावभर सांगितलं की माझी नात शनिवार गिळून आली, आणि मारुतीचा उपासही विमानात बुडवला. नंजम्मा हसून हसून खोकली. जाताना मात्र तो दिवस तुला परत मिळतो, तो इथेच खर्च केला असतास तर काय बिघडलं असतं?

या खेपेला केरसुणी नंजम्माकडेच देऊन ठेवली, हात शिवशिवायला नकोत. सोमवारी केर न काढताच दिवा लावला, देवाला म्हटलं, आजच्या दिवस चालवून घे. मंगळवारी सकाळी आठला नंजम्मा आली, हातात केरसुणी नि तोंडात तुझा निरोप. सुखरूप पोचलीस, जीव भांड्यात पडला.

आज रविवार. केरसुणी कोपऱ्यात उभी आहे. पलंगाखाली तुझ्या वेणीतली अबोली वाळली आहे, खिडकीपाशी संत्र्याची साल, आरशाखाली तुझे केस. मास्तर म्हणाले, तुंगम्मा, सतरा तास कधीच झाले, आता तरी झाडा. मी म्हटलं, तिकडे पोचली हो, पण इथून अजून पुरती गेलेली नाही. गेली की झाडीन.

माया आहे तशीच असू दे.
तुझी अज्जी, तुंगम्मा